बिनविरोध गावातली वहिनी

वहिनी, आपला वाद अर्धाच राहिला.

तुला दवाखान्यातून घरी आणलं त्या दुपारी रेडिओवर बर्लिनच्या भिंतीची बातमी लागली होती. लोक भिंतीवर चढलेत, हातोड्या घेऊन ती फोडतायत, आणि शिपाई नुसते बघत उभे आहेत. दादाने आवाज वाढवला. मी तुझ्या उशाशी बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "बघ, माणसाला फार दाबलं की शेवटी तो उठतोच. मी काय सांगत होतो?"

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "दबलेले तर ते कालही होते, भावजी. दहा वर्षांपूर्वीही होते. मग आजच का?"

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात तुझा डोळा लागला. नंतर तू फारसं बोलली नाहीस आणि आठवड्याभरात गेलीस. म्हणजे शेवटचा प्रश्न तुझाच राहिला. आता मी बोलणार आहे. मध्येच मला थांबवून "हे सिद्ध कसं करणार?" असं विचारणारं कोणी नाही, याची सवय अजून झालेली नाही. रडायचं ते तेरा दिवसांत रडून झालं. आज सांगायचं आहे ते आनंदाचं आहे, आणि ते तुलाच सांगायला हवं.

तू रत्नागिरी शहरातून या घरात आलीस, गणितातली एम.एस्सी. होऊन. आमच्या आईला वाटलं होतं, ही शिकलेली मुलगी चुलीपाशी बसायची नाही. तू चुलीपाशी बसलीस आणि भात शिजेपर्यंत हायस्कूलच्या वह्या तपासल्यास. दादा पोफळीला पॉवरहाऊसमध्ये, सुट्टीला तेवढा घरी यायचा. मी मुंबईत गिरणीत. तुझीमाझी ओळख तशी गणपती-शिमग्याचीच. संप मोडत आला आणि मी वळकटी बांधून खेडच्या स्टँडवर उतरलो, तिथून खरी ओळख सुरू झाली. तेव्हा मी कोणाशी बोलण्याच्या लायकीचा नव्हतो, हे तू ओळखलंस. महिनाभर तू मला फक्त चहा दिलास. एकदाही काही विचारलं नाहीस.

मग एके दिवशी वाडीतलं कोणीतरी रामाचं नाव काढलं. रामा आपल्याच गावचा. मुंबईत एका खोलीत आम्ही सहा वर्षं काढली, एका ताटात जेवलो. संप चालू असताना तो कामावर गेला. मी त्या माणसाला म्हटलं, "माझ्यासमोर त्या गद्दाराचं नाव घेऊ नकोस." तू पडवीत वह्या तपासत होतीस. तो माणूस गेल्यावर तू विचारलंस, "रामाभावजी कामावर गेले, त्या दिवशी किती लोक आत गेलेत असं त्यांना वाटत होतं?"

"त्याचा काय संबंध?"

"सांगा तर."

मी म्हटलं, अर्धी गिरणी आत गेली अशी आवई उठली होती. कोणीतरी मुद्दाम उठवली असणार.

"आणि खरंच गेली होती?"

"छे. थोडी टाळकी होती."

"मग ते गद्दार कसे? बाकीचे गेले असं समजून ते गेले. खोट्या बातमीवर गेले." तू लाल पेन बाजूला ठेवलंस. "अर्धे लोक गेल्यावर उरलेल्यांनी बाहेर राहण्यात अर्थच नसतो. संप मोडणारच असेल, तर शेवटी राहणारा सगळ्यात जास्त मरतो. ते भ्याले नाहीत. त्यांनी हिशेब केला आणि आकडा चुकीचा घेतला."

मला इतका राग आला की मी जेवायला आलो नाही. तू ताट वाढून झाकून ठेवलंस आणि स्वतः जेवून घेतलंस. समजूत काढायला काही आली नाहीस.

तिथून आपलं भांडण लागलं, ते पाच-सहा वर्षं पुरलं. मी युनियनच्या वर्गांत ऐकलेलं फ्रान्स आणि रशिया तुझ्यापुढे मांडायचो: भूक, चीड, पुढारी. तू म्हणायचीस, भूक आणि चीड तर रोजचीच आहे, क्रांती रोज होत नाही. म्हणजे आणखी काहीतरी लागतं. त्या शास्त्राला तू गेम थिअरी म्हणायचीस. मी म्हणायचो, माणसांच्या जगण्यामरण्याला खेळ काय म्हणतेस. तू हसायचीस. "खेळ म्हणजे एवढंच, की मी काय करायचं ते तुम्ही काय करणार यावर ठरतं. आणि तुमचं माझ्यावर."

तू वर्गात मुलांना पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन तो खेळ शिकवलास, ते मी खिडकीतून बघितलं होतं. दोन मुलं पाठीला पाठ लावून उभी. दोघांनी गोळी पुढे केली तर दोघांना आणखी एकेक. एकाने केली आणि दुसऱ्याने मूठ झाकली, तर झाकणाऱ्याला सगळ्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मुठी झाकल्या. तू त्याच जोड्यांना तो खेळ रोज खेळायला लावलास. शनिवारपर्यंत वर्गात क्वचितच कोणी मूठ झाकत होतं. घरी येताना तू म्हणालीस, "उद्या परत याच्याशीच गाठ आहे हे कळलं की माणूस बरा वागतो. म्हणून गाव टिकतं."

मी म्हटलं, "पण क्रांती रोज होत नाही ना? ती एकदाच. उद्या नसतोच तिथे."

तू चालता चालता थांबलीस. "हो," म्हणालीस. "म्हणून तर ती अवघड." मी तुला निरुत्तर केल्याचे प्रसंग थोडेच, हा त्यातला एक, म्हणून लिहून ठेवतो.

आपल्या गावाची ग्रामपंचायत मला कळायला लागल्यापासून बिनविरोध. बापूशेठचं पॅनल उभं राहायचं आणि बाकी कोणी उभंच राहायचं नाही. पेपरात छापून यायचं, एकोप्याचं गाव. एकोपा कसला? रेशनचं दुकान बापूशेठचं. गावातला एकुलता ट्रक बापूशेठचा. जो कुरकुर करील त्याचं रॉकेल "अजून आलं नाही", आणि त्याच्या आंब्याच्या पेट्या तयार झाल्या की ट्रक "बंद पडला." नळयोजना आली ती त्याच्या वाडीपर्यंत येऊन थांबली. वरच्या वाडीच्या बाया चैत्रात नदीच्या वाळूत खणलेल्या डुऱ्यातून पाणी भरून घाटी चढायच्या. वर मुंबईत कामाला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाची सत्ता होतीच. गावात राहायच्या बाया आणि म्हातारे, आणि निर्णय मुंबईत व्हायचे. बापूशेठने मंडळाला सभागृहासाठी पत्रे दिले होते, त्यामुळे मंडळ त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं.

मी म्हणायचो, आपले लोक घाबरट. तू म्हणालीस, "एकेकट्याला तो मारू शकतो. सगळ्यांना नाही. सगळ्यांचं रॉकेल बंद केलं तर दुकान कोणाला विकणार? हे प्रत्येकाला कळतं, भावजी. फक्त शेजाऱ्यालाही हेच कळतं, हे कोणाला ठाऊक नाही."

आणि मग तू हळदीकुंकू केलंस.

निवडणूक शिमग्यानंतर होती. संक्रांतीचे दिवस होते. तू शाळेच्या पडवीत साऱ्या वाड्यांच्या बायकांना बोलावलंस, आणि वरच्या वाडीच्या भागीकाकीलाही. भागीकाकी विधवा. तिला असल्या कार्यक्रमाला कधी कोणी बोलावलं नव्हतं. ती दाराशीच उभी राहिली, तर तू तिचा हात धरून आत आणलंस आणि मधोमध बसवलंस. बायकांत कुजबुज झाली, मग विझली. मी आतल्या खोलीत तिळगुळाची ताटं भरत होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

तू भाषण केलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "पाण्यासाठी बापूशेठच्या विरुद्ध फॉर्म भरायचा असेल, तर एकटी कोणीच भरणार नाही. मीही नाही. पण बरोबर किती जणी असल्या तर तुम्ही याल? खरं सांगा. कमी सांगितलं तरी चालेल, जास्त सांगितलं तरी चालेल."

मग भागीकाकी म्हणाली, "बाय, माज्यासंगती एक जरी आली ना, तरी मी हाय."

तिच्या शेजारची म्हणाली, दोघी असतील तर मी येते. कोणी म्हणाली, आमच्या वाडीतल्या पाचजणी असतील तर. एक म्हणाली, माझी जाऊ आली तर. आणि जाऊ तिथेच होती, ती म्हणाली, मी हिच्याच तोंडाकडे बघत होते. तेव्हा पहिल्यांदा सगळ्याजणी हसल्या. एक तर म्हणाली, अर्धं गाव आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही, माझ्या मुलाला त्यांनीच नोकरीला लावलंय. तिच्यावरही कोणी रागावलं नाही. मी ताट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. संपात आम्ही घोषणा केल्या, शपथा घेतल्या, पण हा प्रश्न आम्ही एकमेकांना एकदाही विचारला नव्हता.

संध्याकाळी मी विचारलं, "आणि तुझा आकडा किती?"

"शून्य म्हणायला आवडलं असतं," तू म्हणालीस. "पण माझाही एक आहे. तुमचे दादा. शाळेच्या कमिटीवर बापूशेठ आहेत. माझी नोकरी गेली तर घर त्यांनाच ओढायचंय. ते नको म्हणाले तर मी नाही." मग म्हणालीस, "साखळी चांगली आहे. फक्त तिचं पहिलं टोक कोणाच्या हातात नाही. आमच्यात एकही शून्य नाही, बरोबर कोणी नसतानाही उठेल अशी."

"मग पहिला कोण?"

"ते गणितात नाही."

शिमग्याला मुंबईकर आले. पालखी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी देवळात गावकी भरली. सभामंडपात पुरुष, बाहेर अंगणात बाया. एरवी त्या यायच्याच नाहीत. त्या दिवशी आल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दादा सुट्टी काढून आला होता. तू त्याला सगळं सांगितलं होतंस. तो हो म्हणाला नव्हता आणि नाहीही. दादाची रीतच ती.

आपला बेत असा होता की बापूशेठने "कोणाची हरकत?" विचारलं की सगळ्यांनी एकदम बोलायचं. पण त्याला वास लागला होता. तो म्हणाला, "यंदा मी एकेकाला नावाने विचारणार. म्हणजे मागून कोणी म्हणायला नको, आम्हाला विचारलं नाही." एकदम बोलायचं होतं ते गेलं; आता कोणीतरी एकट्याने पहिलं बोलायला हवं होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा उतरला होता.

"आधी मुंबईकरांचा निर्णय," बापूशेठ म्हणाला. "रामा, सांग."

मंडळाच्या वतीने रामा आला होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. तो उठला.

"मंडळाने ठरवलंय ते बापूशेठना ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण मी ते सांगणार नाही. पाणी भरतात त्यांनी ठरवावं. निवडणूक बिनविरोध व्हायला माझी हरकत आहे. मी एकटा असलो तरी आहे."

बापूशेठ म्हणाला, "खाली बस."

रामा बसला नाही. उभाच राहिला. आणि अंगणातून भागीकाकी पायरी चढून आत आली. "फॉरम मी भरतंय," म्हणाली. "काय बंद करायचा त्या करा. माज्याकडं रॉकेल तसाबी नाय." कोणीतरी हसलं. तिच्या मागून तिची शेजारीण आली. तू पायरीशी होतीस आणि दादाकडे बघत होतीस. दादा पुरुषांच्या रांगेत बसला होता. तो सरकला, बाजूला जागा केली आणि हाताने तुला ये म्हणाला. गावकीत नवऱ्याशेजारी बायको येऊन बसली, हे त्या देवळाने तोवर पाहिलं नव्हतं. मग अंगणातल्या बाया आत यायला लागल्या, आणि पुरुष उठून जागा देत होते, आणि उठता उठता म्हणत होते, माझीही हरकत आहे. मी कधी उठलो मला आठवत नाही. अर्धं गाव झाल्याशिवाय पाऊल न उचलणारीही आली. ती आली तेव्हा मंडपात जागा उरली नव्हती.

तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर तू ते नाकारलंस. धुपाचा धूर होता म्हणालीस.

पुढचं सोपं नव्हतं, पण ते सगळ्यांनी मिळून सोसलं. ट्रक बंद पडला, तर मी खेडहून टेंपो आणला. कमिटीने तुला नोटीस दिली, तर सकाळी शाळा भरायच्या आधी पडवीत पालक येऊन बसले. नोटीस कुठे गेली ते कोणाला कळलं नाही. मतदानाच्या दिवशी शाळेच्या ज्या खोलीत तू भूमिती शिकवायचीस तिथे पेटी ठेवली होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामपंचायतीला शिक्का मारला. आपलं पॅनल आलं. भागीकाकी सरपंच झाली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वरच्या वाडीत नळ आला. त्या दिवशी बाया नळाखाली हंडे लावत होत्या आणि तू लांब उभी राहून मला म्हणालीस, "हरलो असतो तरी मी आज एवढीच खूश असते." मी म्हटलं, थापा मारू नकोस. तू म्हणालीस, "बरं, थोडी कमी."

एक गोष्ट मात्र तुला कळायची राहिली. तुला पोचवायला रामा मुंबईहून आला होता. मिळेल त्या गाडीने आला आणि थेट स्मशानात पोचला. देवळातल्या त्या दिवसानंतर आम्ही बोलायला लागलो होतो, पण संपाचा विषय दोघांनीही टाळला होता. नदीवर अंघोळ करून आम्ही काठावर बसलो, तेव्हा मी त्याला विचारलं, "त्या दिवशी तू कशाच्या भरवशावर उठलास? वहिनीने सांगितलं होतं का?"

"वहिनी माझ्याशी काही बोलल्या नव्हत्या," तो म्हणाला. "सदा, मी गिरणीत गेलो ना, तेव्हा अर्धी माणसं आत आहेत म्हणून गेलो. आत गेलो तर आमचं विणाईचं खातं रिकामं. साचे बंद. चार माणसं भिंतीला टेकून बसलेली, माझ्याकडे बघतायत. मागे फिरायची लाज वाटली. देवळात बापूशेठने माझं नाव घेतलं आणि मला ते खातं दिसलं. वाटलं, या वेळी बाकीचे काय करतायत ते बघायचंच नाही."

वहिनी, हे तुझ्या 'मग आजच का?'चं उत्तर आहे की माझ्या 'मग पहिला कोण?'चं, मला ठरवता येत नाही. भूक नव्हती, पुढारी नव्हता, म्हणजे मी हरलो. आणि तुझ्या साखळीत हा माणूस नव्हताच, म्हणजे तूही पुरती जिंकली नाहीस. ज्याला तू पहिल्यापासून गद्दार म्हणू दिलं नाहीस, तोच तुझा शून्य निघाला. मी रामाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला सांगितलं की त्याच्यावरून मी एकदा जेवलो नव्हतो आणि तू मजेत जेवली होतीस. तो हसला, आणि मग आम्ही दोघंही रडलो. तो माणूस तू मला परत दिलास. हे तुला तोंडावर सांगायला मला चार वर्षं होती, आणि मी ती फ्रान्स-रशियात घालवली.

आता कालचं सांगतो.

निवडणूक परत आली आहे. काल सकाळी दादा पोफळीला परत निघायच्या तयारीत होता आणि मी अंगणात होतो. घाटीने बापूशेठ येताना दिसला. पायी. म्हातारा झालाय, मध्ये दोनदा थांबला. मला वाटलं, भेटायला आलाय, तेराव्याला येता आलं नव्हतं म्हणून. तो पडवीत बसला, दादाने पाणी दिलं. तुझ्याबद्दल चांगलं बोलला. म्हणाला, "बाई हुशार होत्या. मला फार त्रास दिला त्यांनी." त्यात राग नव्हता.

मग तो उठला. निघेल असं वाटलं, पण तो उभाच राहिला, टोपी नीट केली आणि हात जोडले.

"यंदा मी उभा आहे," म्हणाला. "वरच्या वाडीची टाकी मोठी करायची माझ्या मनात आहे. भागीने केलं ते चांगलंच केलं, पण टाकी पुरत नाही. तुम्हा दोघांचं मत मला द्या."

दादा माझ्याकडे बघायला लागला. आमचे आजोबा त्या माणसाच्या बापाच्या अंगणात चपला काढून उभे राहायचे. मी म्हटलं, "बापूशेठ, विचार करून ठरवू."

"ठरवा," तो म्हणाला. "विचार करूनच द्या."

दादाने त्याला चहा घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, नको, अजून सगळी वरची वाडी व्हायची आहे. आम्ही दोघं अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिलो. पहिलं घर भागीकाकीचं. तिचं दार बुटकं आहे. बापूशेठ वाकला, आत हाक मारली आणि ती बाहेर येईपर्यंत हात जोडून उन्हात थांबून राहिला. दादा हळूच म्हणाला, "मालती असती तर?" आणि तुझं नाव घेताना तो पहिल्यांदाच रडला नाही.

भागीकाकी बाहेर आली. कंबरेवर हात ठेवून तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, टाकीबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि तो उत्तरं देत होता.